शाळा विकल्या नाहीत, मग हिशेबातून गेल्या कुठे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही कळेल. तुम्ही एमबीएच्या प्रोजेक्टसाठी ब्राइट स्कॉलर हा चिनी स्कूल ग्रुप घेतलाय, २०१७ च्या लिस्टिंगपासूनचे ॲन्युअल रिपोर्ट ओळीने वाचलेत, दरवर्षी शाळा वाढतायत, पट वाढतोय, आणि २०२१ च्या रिपोर्टमध्ये अचानक धंद्याचा मोठा तुकडा गायब. विक्रीचा करार नाही, घेणाऱ्याचं नाव नाही, किती पैसे आले त्याचा आकडा नाही. सरांनी चॅप्टरचं नाव दिलंय ‘वाढ आणि कॉर्पोरेट रिस्ट्रक्चरिंग’ आणि तुम्ही विचारताय, शाळा विकल्या कुणाला?

कुणालाच नाही. शाळा होत्या तिथेच आहेत, तीच मुलं, तेच वर्ग, तीच घंटा. तेव्हा विकल्या कुणाला हे शोधत बसू नका, २०२१ च्या आधी ग्रुपकडे नेमकं होतं काय ते शोधा. ते एकदा सापडलं की तुमचा चॅप्टर निम्मा लिहून झाला.

मी सीए आहे, ग्रुपच्या हिशेबांचं कन्सॉलिडेशन (म्हणजे ग्रुपमधल्या सगळ्या संस्थांचे हिशेब एकत्र करून एकच ताळेबंद मांडणं) हेच माझं काम, त्यातली बरीच वर्षं हाँगकाँगला गेली आणि तिथे शाळांचे ग्रुप पुष्कळ हाताखालून गेले. वकील मी नाही, त्यामुळे चिनी कायद्याच्या बारकाव्यांवर तिथल्या वकिलाचं मत माझ्यापेक्षा वरचढ धरा. शिवाय बरंच काही परिस्थितीवर अवलंबून असतं: ग्रुप अमेरिकेत लिस्टेड की हाँगकाँगात, शाळा कुठल्या प्रांतात, एका लायसन्सवर पहिली ते बारावी आहे की वेगवेगळी लायसन्स, जमीन शाळेच्या नावावर की बिल्डरच्या. दोन ग्रुपची उत्तरं सारखी येतीलच असं नाही. पण सांगाडा एकच असतो, तो सांगतो.

आधी वाढ कशी झाली ते. ब्राइट स्कॉलरचं मूळ म्हणजे कंट्री गार्डन, ग्वांगडाँग प्रांतातला बिल्डर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फोशानजवळ शुंडे इथली यांची टाउनशिप विकली जात नव्हती, शहराबाहेर कोण राहायला येणार, तेव्हा यांनी १९९४ मध्ये तिथे एक झकपक निवासी शाळा काढली. पोराला त्या शाळेत घालायचं तर पालकांनी मोठी ठेव ठेवायची, प्रत्येकी ३ लाख युआनच्या घरात, आणि ती ठेव बिल्डरला अडचणीच्या काळात खेळतं भांडवल म्हणून कामी आली. शाळा आली तशी घरंही विकली गेली. पुढे देशभर जिथे यांची टाउनशिप तिथे यांची बालवाडी, मोठी टाउनशिप असेल तर शाळा. आपल्याकडे पुण्याच्या आसपासच्या टाउनशिपच्या जाहिरातीत शाळेचा फोटो क्लबहाउसच्या आधी येतो, त्यातलाच प्रकार, फक्त कितीतरी पट मोठा.

या मॉडेलमध्ये शाळेच्या ग्रुपला इमारतीवर फारसा पैसा घालावा लागत नाही. इमारत बिल्डर बांधतो, ग्रुप चालवतो. त्यामुळे वाढीचा वेग भलताच दिसतो. रिपोर्टमध्ये मात्र ‘शाळांची संख्या’ हा आकडा बघून हुरळून जाऊ नका, २०१७ ला यांच्या पन्नासएक शाळा होत्या त्यात मोठा भाग बालवाड्यांचा होता. मी नेहमी क्षमता आणि प्रत्यक्ष पट यांचं गुणोत्तर बघतो. नवी शाळा पहिल्या वर्षी पहिली-दुसरीचे दोन-चार वर्ग भरते, मग तीच मुलं वर सरकत सरकत शाळा भरायला सहा-सात वर्षं लागतात, आणि तोवर शिक्षकांचा पगार जवळपास पूर्ण शाळेचा. म्हणजे आज उघडलेल्या शाळेचा नफा सात वर्षांनी. हा सात वर्षांचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण कायदा तेवढा थांबला नाही.

आता मधला भाग, इथे जरा सावकाश वाचा. चीनमध्ये खाजगी शाळा ही सहसा कंपनी नव्हतीच. ती नोंदलेली असायची ना-नफा स्वरूपाची संस्था म्हणून, तिला शेअर नाहीत, शेअरहोल्डर नाहीत, असतो तो फक्त प्रायोजक, म्हणजे शाळा काढणारा. आपल्याकडच्या माणसाला हे समजायला सोपं आहे. महाराष्ट्रातली शाळा चालवते शिक्षणसंस्था, ट्रस्ट किंवा सोसायटी, संस्थाचालक कितीही वजनदार असला तरी शाळेचा ‘मालक’ असं कागदावर कुणी नसतं. चीनमधला प्रायोजकही साधारण तसाच, आणि २००२ च्या खाजगी शिक्षणाच्या कायद्यात त्याला ‘वाजवी परतावा’ घ्यायची सोय होती, किती म्हणजे वाजवी हे कुणी ठरवलं नाही. त्या एका शब्दाच्या फटीतून हा सगळा शेअरबाजार आत आला असं माझं मत आहे.

दुसरी अडचण परदेशी पैशाची. सक्तीचं शिक्षण, म्हणजे पहिली ते नववी, यात परदेशी गुंतवणुकीला पूर्ण बंदी. न्यूयॉर्कमध्ये लिस्ट होणारी कंपनी केमन आयलंड्सची, म्हणजे परदेशी. मग केमनच्या कंपनीने शाळा धरायची कशी? तर करारांनी. केमनच्या खाली हाँगकाँगची कंपनी, तिच्या खाली चीनमध्ये शंभर टक्के परदेशी मालकीची एक सर्व्हिस कंपनी. दुसऱ्या बाजूला एक अस्सल देशी कंपनी, तिचे शेअर चिनी नागरिकांच्या नावावर, आणि ती शाळांची प्रायोजक. या दोन बाजूंमध्ये शेअरचं नातं शून्य. नातं फक्त कागदाचं: सर्व्हिस कंपनी शाळेला ‘सल्ला आणि व्यवस्थापन’ देईल आणि त्याची फी घेईल (ती फी म्हणजे शाळेला उरतं तेवढं जवळपास सगळं), देशी भागधारक आपला मतदानाचा हक्क मुखत्यारपत्राने सर्व्हिस कंपनीला देतील, कायद्याने कधी परवानगी मिळालीच तर शेअर विकत घ्यायचा हक्क फक्त तिचा, आणि हे सगळं पाळलं जावं म्हणून देशी कंपनीचे शेअर तिच्याकडे गहाण. देशी कंपनीचे म्हणतोय मी, शाळेचे नाही, कारण शाळेला शेअरच नाहीत तर गहाण काय टाकणार?

याला व्हीआयई (व्हेरिएबल इंटरेस्ट एंटिटी) म्हणतात. चिनी इंटरनेट कंपन्यांनी २००० मध्ये सीना या वेबपोर्टलच्या लिस्टिंगच्या वेळी हा रस्ता पाडला आणि मग सगळे त्यावरून गेले. गंमत अशी की व्हीआयई हा शब्द अमेरिकन अकाउंटिंगमध्ये आला एन्रॉन ही अमेरिकन कंपनी हिशेबाच्या घोटाळ्यात बुडाल्यानंतर, २००३ मध्ये, कशासाठी तर कंपन्यांनी बाहेर लपवलेलं कर्ज ताळेबंदात ओढून आणण्यासाठी. नियम म्हणतो, शेअर असो नसो, ज्याच्या हातात कारभार आणि ज्याच्या खिशात नफा-तोटा, त्याने ते हिशेबात घ्यायचं. लपवलेलं उघडं करायला केलेला नियम, आणि चिनी ग्रुपनी तो वापरला जे आपलं नाही ते आपल्या हिशेबात दाखवायला. खोटं नव्हतं बरं का ते, नियमात चोख बसत होतं, मी स्वतः अशा कागदांवर काम केलंय. पण ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ हे माझ्या मनात तेव्हाही यायचं.

म्हणजे आतापर्यंतचं थोडक्यात: शाळा ना-नफा संस्था, तिला मालक नाही, प्रायोजक देशी कंपनी, केमनच्या शेअरहोल्डरकडे फक्त करारांचा गठ्ठा, आणि त्या गठ्ठ्याच्या जोरावर शाळांची सगळी फी ग्रुपचा महसूल म्हणून दिसत होती. शेअर घेणाऱ्याने घेतला तो गठ्ठा.

आता कायदा कसा आवळत गेला त्याच्या तारखा बघा, कारण तुमच्या सरांना वाटतंय तसं हे २०२१ ला आभाळातून पडलेलं नाही. ७ नोव्हेंबर २०१६ ला खाजगी शिक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली: पहिली ते नववीच्या खाजगी शाळा ना-नफाच असल्या पाहिजेत, हायस्कूल आणि बालवाडी मात्र नफ्याची की ना-नफा ते निवडू शकतात. ‘वाजवी परतावा’ गेला. लागू १ सप्टेंबर २०१७ पासून. आणि ब्राइट स्कॉलरची न्यूयॉर्कची लिस्टिंग कधी? मे २०१७, दर एडीएसला (परदेशी कंपनीचा शेअर अमेरिकन बाजारात या रूपात विकतात) साडेदहा डॉलर. म्हणजे दुरुस्ती मंजूर झालेली, लागू व्हायला साडेतीन महिने बाकी, त्या मधल्या खिडकीत. लिस्टिंगच्या कागदांतल्या रिस्क फॅक्टरमध्ये, म्हणजे धोक्यांच्या यादीत, हे सगळं छापलेलं होतं. वाचलं किती जणांनी हा भाग वेगळा.

मग १० ऑगस्ट २०१८, शुक्रवार. अंमलबजावणीच्या नियमांचा मसुदा आला, त्यात एक वाक्य असं की शिक्षण समूहांनी ना-नफा शाळा विकत घेऊन, फ्रँचायझीने किंवा करारांनी ताब्यात ठेवू नयेत. सोमवारी हाँगकाँगात शिक्षणाचे शेअर धडाधड कोसळले. सिचुआनच्या लुझोऊमधला तिआनली ग्रुप जुलैमध्ये, म्हणजे जेमतेम महिन्यापूर्वी, लिस्ट झाला होता, तोही त्यात सापडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बालवाड्यांवर वेगळा घाव, खाजगी बालवाड्यांनी शेअरबाजारात यायचं नाही असा आदेश, आणि न्यूयॉर्कला आरवायबी नावाच्या बालवाडी कंपनीचा शेअर एका दिवसात निम्म्याहून खाली. २०२० पासून खाजगी शाळांचे प्रवेश सरकारी शाळांबरोबर एकाच वेळी आणि अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकून. हे शेअरबाजाराला फारसं कळलं नाही पण माझ्या मते घाव तोच खोल होता, कारण या शाळांचे निकाल चांगले लागायचे ते निवडक मुलं उचलल्यामुळे, आणि निकालावर फी वाढायची.

शेवटी १४ मे २०२१ ला अंतिम नियम जाहीर झाले, लागू १ सप्टेंबर २०२१. त्यात स्पष्ट: सक्तीच्या शिक्षणाची शाळा आणि ना-नफा बालवाडी कुणीही करारांनी नियंत्रणात ठेवायची नाही. आणि अजून एक कलम, जे लोक विसरतात: पहिली ते नववीच्या शाळेने संबंधित पक्षाशी, म्हणजे प्रायोजक किंवा त्याच्या नात्यातल्या कंपनीशी, व्यवहारच करायचा नाही. म्हणजे सल्ल्याची फी बंद, आणि दुसऱ्या दाराने पुस्तकं-गणवेश-कॅन्टीनमधून पैसा काढायचा म्हणाल तर तेही दार बंद.

इथे एक घोळ टाळा. जुलै २०२१ चा ‘दुहेरी भार कमी करा’ हा आदेश क्लासेसवर होता, न्यू ओरिएंटल, टाल वगैरे मंडळींवर. शाळांवरचे हे नियम वेगळे आणि दोन महिने आधीचे. आपल्याकडच्या लेखांत दोन्हीची सरमिसळ केलेली मी पुष्कळदा वाचलीय.

आता तुमच्या ‘गायब’चं उत्तर. करार बेकायदा ठरले की कारभार हातात नाही, नफा खिशात नाही, म्हणजे हिशेबात धरायचं कारणच संपलं. ब्राइट स्कॉलरने या शाळा ३१ ऑगस्ट २०२१ ला कन्सॉलिडेशनमधून काढल्या, दालियानच्या मेपल लीफ या दुसऱ्या स्कूल ग्रुपने पण त्याच तारखेला. तारीख नीट बघा. यांचं आर्थिक वर्ष शाळेच्या वर्षाप्रमाणे ३१ ऑगस्टला संपतं आणि नियम १ सप्टेंबरपासून लागू. म्हणजे वर्षभराचा कारभार ग्रुपचा, फक्त रिपोर्टात ‘बंद केलेला व्यवसाय’ या वेगळ्या ओळीत, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशीच्या ताळेबंदात शाळा नाहीत. मागच्या वर्षांचे आकडेही त्याप्रमाणे पुन्हा मांडलेले असतात, म्हणून २०२० चा महसूल तुम्हाला २०२० च्या रिपोर्टमध्ये एक दिसतो आणि २०२१ च्या रिपोर्टमध्ये वेगळा. छपाईची चूक नाही ती.

आमच्या आजोबांची कोकणात थोडी भातजमीन होती, कुळाकडे कसायला. ते सांगायचे, १ एप्रिल १९५७ ला सकाळी उठलो तर शेत होतं तिथेच होतं, बांध तिथेच, फक्त कायद्याने कूळ मालक झालं होतं. मला त्या ऑगस्टमध्ये ही गोष्ट सारखी आठवायची. फरक एवढाच की कूळकायद्यात जमीनमालकाला ठरवून दिलेली किंमत तरी मिळाली. इथे केमनच्या शेअरहोल्डरला शून्य. आणि दुसरा फरक जास्त बोचरा: देशी टोक, म्हणजे शाळेचं प्रायोजकपद, ज्यांच्या नावावर होतं त्यांच्याच नावावर बहुतेक ठिकाणी राहिलं, काही ठिकाणी मात्र स्थानिक सरकारने शाळा सरकारी करून घेतल्या. नफा त्यांनाही काढता येत नाही हे खरं, पण दोर तुटला तो एकाच बाजूचा.

तोटा कसा मोजतात ते उदाहरणाने, आकडे बनवलेले आहेत. समजा शाळांकडे १०० ची मालमत्ता, बाहेरच्यांची देणी ४०, म्हणजे ग्रुपच्या हिशेबात ६० ची निव्वळ मालमत्ता. शिवाय ग्रुपच्या सर्व्हिस कंपनीने शाळांना १५ उसने दिलेले, पण दोघं एकाच घरातले म्हणून कन्सॉलिडेशनमध्ये ते येणं-देणं खोडलेलं, दिसत नाही. शाळा बाहेर गेल्या, मोबदला शून्य. आता ६० गेले, पण ते लपलेलं १५ चं येणं वर आलं, कारण शाळा आता परकी झाली. ते वसूल होणार असेल तर तोटा ४५. बुडीत धरलं तर ६०. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘बाधित संस्थांकडून येणे’ किंवा ‘बाधित संस्थांना देणे’ (बाधित संस्था म्हणजे नियमामुळे हिशेबाबाहेर गेलेल्या शाळा) अशी ओळ शोधा, ती २०२१ च्या आधी नसेल. माझ्या दृष्टीने त्या रिपोर्टमधली सगळ्यात मोलाची ओळ ती आहे, कारण शाळेला नात्यातल्या कंपनीशी नवा व्यवहार करायला बंदी, मग जुनं देणं फेडायचं कसं आणि कधी, यावर त्या वेळी प्रत्येक वकिलाचं मत वेगळं होतं.

आणि रोख. शाळेची फी मुलं यायच्या आधी, उन्हाळ्याच्या सुट्टीत भरली जाते. म्हणजे ३१ ऑगस्टला शाळांची बँक खाती वर्षातली सगळ्यात भरलेली असतात, आणि नेमक्या त्या दिवशी ती ग्रुपच्या ताळेबंदातून बाहेर. कॅश फ्लोमध्ये ‘डीकन्सॉलिडेशनमुळे बाहेर गेलेली रोकड’ ही ओळ बघून नवखा माणूस घाबरतो. पण ती फी पुढच्या वर्षी शिकवण्यासाठी आगाऊ घेतलेली असते, त्याच्यासमोर तेवढं दायित्वही बाहेर जातं. दोन्ही बाजू बघून मगच काय ते लिहा.

प्रत्यक्ष रिस्ट्रक्चरिंगचं काम यापेक्षा कितीतरी गद्य असतं. ज्या कॅम्पसमध्ये एकाच लायसन्सवर पहिली ते बारावी होती तिथे हायस्कूल वेगळं काढून त्याचं वेगळं लायसन्स घ्यायचं, कारण नफ्याचं हायस्कूल करारांखाली ठेवायला त्या नियमांत बंदी नव्हती. ऐकायला सोपं. एका ग्रुपचं (नाव सांगत नाही) काम करताना आम्ही व्हिडिओ कॉलवर तीन दिवस एका कॅम्पसच्या वाटणीत घालवले: गेट एक, बॉयलर एक, भटारखाना एक, नववी आणि दहावीला गणित शिकवणारा माणूस तोच, मग त्याचा पगार कुणी द्यायचा, पोहण्याचा तलाव कुणाच्या मालमत्तेत. भाऊबंदकीच्या वाटण्या बघितलेल्या माणसाला यात काही नवीन नाही. बॉयलरवर जेवढं भांडण झालं तेवढं मैदानावर झालं नाही, कारण मैदान आधीच सरकारने शैक्षणिक वापरासाठी दिलेल्या जमिनीत होतं, ते कुणालाच नफ्याच्या बाजूला नेता येत नव्हतं. हायस्कूलची जमीन अशी सवलतीची असेल तर नफ्याचं रूप घेताना फरकाची रक्कम भरावी लागू शकते, ती किती हे त्या त्या शहरावर अवलंबून. म्हणून बऱ्याच ग्रुपची हायस्कूलं ‘नोंदणी बदलण्याच्या प्रक्रियेत’ अशीच लटकलेली दिसतात.

ग्रुपांनी पुढे काय केलं यात साधारण दोन वाटा दिसतात. तिआनलीने देशातच राहून हायस्कूलवर जोर दिला आणि त्याभोवतीच्या सेवा वाढवल्या. दुसरी वाट परदेशाची. मेपल लीफ, १९९५ ला दालियानमध्ये सुरू झालेला, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियाचा अभ्यासक्रम शिकवून वाढलेला, २०१४ ला हाँगकाँगात लिस्टेड, यांनी २०२० मध्ये सिंगापूरची कॅनेडियन इंटरनॅशनल स्कूल ६८ कोटी सिंगापूर डॉलरला घेतली. ब्राइट स्कॉलरने इंग्लंड धरलं: २०१८ ला बोर्नमथ कॉलेजिएट, २०१९ ला सेंट मायकल्स आणि बॉसवर्थ, आणि त्याच वर्षी कॅट्स कॉलेजेस १५ कोटी पौंडाला. त्याच सुमारास ३० कोटी डॉलरचे बाँड काढले, ७.४५ टक्के व्याजाचे, परतफेड २०२२.

या खरेद्या दूरदृष्टीच्या होत्या असं लिहायचा मोह होईल. मी अर्धाच मान्य करीन. २०१८ च्या मसुद्यानंतर देशात विकत घेऊन वाढता येणार नाही हे दिसत होतं, त्यामुळे पैसा बाहेर नेणं समजण्यासारखं आहे, आणि परदेशातल्या शाळा खऱ्याखुऱ्या शेअरने मालकीच्या असतात, करारांचा गठ्ठा नाही. पण विद्यार्थी कोण? कॅट्ससारख्या कॉलेजात परदेशी मुलं शिकायला येतात, त्यात चिनी मुलांचा भरणा मोठा, आणि २०२० ला विमानंच बंद. म्हणजे धंदा देशाबाहेर गेला तरी गिऱ्हाईक तेच राहिलं. वर बाँडचं व्याज डॉलरमध्ये, आणि ज्या देशी शाळांच्या जोरावर ते कर्ज मिळालं त्या परतफेडीच्या वर्षभर आधी हिशेबातून गेल्या. कर्ज मात्र तिथेच. चॅप्टरचा गाभा मी यावर उभा केला असता.

राहिलेल्या धंद्याला २०२१ नंतरच्या रिपोर्टमध्ये साधारण तीन कप्पे दिसतील: परदेशातल्या शाळा, पूरक शिक्षणसेवा, आणि देशातल्या बालवाड्या व शाळांना दिलेल्या कामकाजाच्या सेवा. तिसऱ्या कप्प्याकडे बारीक बघा. गिऱ्हाईक कोण लिहिलंय, पहिली-नववीची जुनी शाळा असेल तर तो व्यवहार संबंधित पक्षाच्या कलमात बसतो की नाही, आणि त्यावर कंपनीने काय खुलासा केलाय. बालवाड्यांचं भवितव्य तर कायद्यापेक्षा जन्मदराने ठरवलं: चीनमध्ये २०१६ ला पावणेदोन कोटींहून जास्त मुलं जन्मली, २०२२ ला ९५ लाख ६० हजार. त्यात कंट्री गार्डनची कर्जं २०२३ ला थकली, म्हणजे नव्या टाउनशिप नाहीत, म्हणजे नव्या बालवाड्याही नाहीत. ज्या इंजिनाने ग्रुप वाढला तेच बंद.

प्रोजेक्टपुरतं एक करा. २०१७ चं प्रॉस्पेक्टस (लिस्टिंगच्या वेळी गुंतवणूकदारांसाठी काढलेलं माहितीपत्रक) उघडा, त्यात ग्रुपच्या रचनेचा चार्ट असतो, काही रेषा सलग आणि काही तुटक. सलग म्हणजे शेअर, तुटक म्हणजे करार. तुटक रेषांच्या खाली असलेल्या शाळांची यादी करा, प्रत्येकीपुढे इयत्ता लिहा, आणि मग २०२१ चा चार्ट शेजारी ठेवून काय खोडलं गेलं ते लाल पेनाने मारा. हायस्कूल वेगळी निघालेली असेल तर ती नव्या नावाने सापडेल, म्हणून नाव नाही, शहर जुळवा. ते झालं की ‘बाधित संस्थांकडून येणे’ची नोट काढून २०२१, २०२२, २०२३ असे तीन वर्षांचे आकडे इथे टाका, ते कमी होतायत की बुडीत धरलेत यावरून पुढचं बोलता येईल.